रसाळ-सुमार-महिपत एका दिवसात होईल का?

घामट_भटक्या: मंडळी, डिसेंबरात आम्ही चौघं कोकणातल्या खेडला येतोय. रात्रीच्या ट्रेनने खेड, पहाटे जीप करून रसाळवाडी आणि मग रसाळगड-सुमारगड-महिपतगड धारेवरून एका दमात मारून संध्याकाळी दहिवलीत उतरायचं असं डोक्यात आहे. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय त्यामुळे चालायचं टेन्शन नाही, पण आमच्यातली एक जण सुमारच्या कातळाचे फोटो बघून आत्तापासूनच गप्प आहे. रोप लागतो का, आणि पाणी?

करवंद: होईल हो, पण वेळ चालण्यात नाही जात, वाट शोधण्यात जातो. रसाळ सोपा आहे, झोलाईच्या देवळात दर्शन घ्या आणि निघा, तोफा मोजत बसू नका (आम्ही बसलो, तासभर गेला). पुढे धनगरवाड्यापर्यंत ठीक, तिथून रान चालू होतं आणि ढोरवाटा इतक्या फुटतात की विचारू नका. आम्ही एक चांगली मळलेली वाट धरून खुशीत निघालो तर ती थेट कड्यावर जाऊन संपली, म्हणजे गुरं तिथे काय करतात देव जाणे. वाडीतला कोणीतरी मामा सोबत घ्याच.

जगबुडीकाठचा: खेडचाच आहे म्हणून सांगतो. सुमारचा कातळटप्पा छोटा आहे, खोबण्या चांगल्या आहेत, लोक उगाच त्याला घाबरतात. खरी गोची त्याच्या आधीच्या आडव्या वाटेत, डिसेंबरात गवत वाळून तेल लावल्यासारखं होतं, खाली घसारा (सुटी माती-दगड) आणि एका बाजूला दरी. आणि चढताना जमलं म्हणून उतरताना जमेल असं नाही, पाय कुठे ठेवायचा तेच दिसत नाही. शिडीबिडीच्या भरवशावर राहू नका, ३० मीटरचा रोप घ्या आणि जिला भीती वाटते तिला उतरताना सगळ्यात आधी, वरून रोप देऊन सोडा. वर टाकी आहेत पण पाणी गाळून प्या. माणशी ४ लिटर तरी लागतंच, आमच्याकडे थंडीतपण दुपारी घामाच्या धारा लागतात.

करवंद: +१. आणि महिपत आला म्हणजे सुटलो असं समजू नका, वर १२० एकराचं पठार आणि गच्च झाडी, अंधार पडला तर पारेश्वराचं देऊळ सापडता सापडत नाही. त्यापेक्षा तिथेच मुक्काम करा, सकाळी समोर मकरंदगड बघत चहा प्या आणि आरामात उतरा.

घामट_भटक्या: ठरलं मग, दोन दिवस. ती म्हणतेय तुम्ही जा सुमारला, मी रसाळवर तोफा मोजते 😄

जगबुडीकाठचा: नको नको, आणा तिला, कातळाखाली थांबली तरी चालेल. आणि दहिवलीतून परतीची गाडी आधी सांगून ठेवा, नायतर एसटीची वाट बघत बसाल.