स्टेंटनंतरचा पहिला उन्हाळा : पर्वती चढणे चालू ठेवावे का, आणि मिठाचे काय करावे?

सहकारनगरकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीनंतर छातीत दुखू लागल्याने त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि एका धमनीत स्टेंट बसवला. त्यानंतरच्या टू-डी एकोमध्ये हृदयाच्या पंपिंगची क्षमता ५५ टक्के आली. मधुमेह नाही, मूत्रपिंडाच्या तपासण्याही व्यवस्थित आहेत. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन यांच्या जोडीला मेटोप्रोलॉल आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी चालू आहे.

थंडीत त्यांनी आधी सपाटीवर आणि मग डॉक्टरांच्या परवानगीने पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला सुरुवात केली, आणि त्याने त्यांचा आत्मविश्वास परत आला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र चहा आणि वर्तमानपत्र झाल्यावाचून घराबाहेर पडायचे नाही, हा त्यांचा जुना शिरस्ता असल्याने निघायला साडेसात होतात आणि परतायला नऊ. गेल्या आठवड्यात खाली उतरून कट्ट्यावर बसले असता उठताना त्यांना भोवळ आली. छातीत दुखले नाही, दमही लागला नाही, आणि पाच मिनिटांत बरे वाटले.

तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. मृग लागेपर्यंत चालणे बंद, असे आईचे म्हणणे आहे, तर बाबा एकही दिवस चुकवायला तयार नाहीत. काकांनी रोज दोन तांबे मीठ-साखर-लिंबाचे पाणी घेण्याचा सल्ला दिला आहे, पण रुग्णालयाच्या कागदावर 'मीठ कमी' या शब्दांखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. त्यातच गच्चीवर कुरडया वाळत आहेत आणि मे महिन्यात अकोल्याला लग्नासाठी चार दिवस जायचे आहे. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोपर्यंत काय करावे आणि त्यांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी सांगावे.

नागपूरचा फिजिशियन

मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, पण विदर्भातले वीस उन्हाळे रुग्ण तपासण्यात गेले आहेत, त्या अनुभवावर लिहितो. उन्हात शरीर थंड ठेवायचे दोनच मुख्य मार्ग असतात : त्वचेकडे जास्त रक्त पाठवणे आणि घाम गाळणे. पहिल्यामुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलून रक्तदाब उतरतो, दुसऱ्यामुळे अंगातले पाणी कमी होते, आणि ही दुहेरी तूट भरून काढण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने धडधडावे लागते. आपल्या वडिलांच्या बाबतीत हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी आणि क्षार आणखी बाहेर काढते, टेल्मिसार्टन रक्तवाहिन्यांना आकसू देत नाही आणि मेटोप्रोलॉल हृदयाचा वेग वाढू देत नाही. जानेवारीत अगदी योग्य असलेली मात्रा एप्रिलच्या अखेरीस जास्त होऊ शकते, ती अशी. चालून थांबल्यावर पायांतले रक्त वर ढकलणाऱ्या पोटऱ्याही विसावतात, म्हणून भोवळ चढताना न येता बसून उठताना आली असावी.

हा अंदाज घरीच पडताळता येईल. सकाळी चालून आल्यावर पाच मिनिटे बसवून रक्तदाब मोजा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर तीन-चार दिवसांच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि उन्हाळ्यापुरती मात्रा बदलायची का, एवढे स्पष्ट विचारा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. विशेषतः अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांना हात लावायचा नाही, कारण ती खंडित झाल्यास स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. भोवळ चढतानाच आली, छातीत धडधडले किंवा शुद्ध हरपली, तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी ईसीजी काढावा.

चालणे बंद करण्याच्या मी विरोधात आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मृगापर्यंत घरी बसवले, तर थंडीत कमावलेले बरेचसे गमावून बसाल. बदलायची आहे ती वेळ. तपासणी होईपर्यंत सपाटीवर चालू द्या, आणि निघायचे ते उजाडताच. दिवसातली सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या आसपासची असते. संध्याकाळी सातला ऊन नसले, तरी पायऱ्यांचा दगड आणि डांबर दिवसभराची धग परत देत असतात. श्रम मोजण्यासाठी मनगटी घड्याळातल्या नाडीवर विसंबू नका, कारण मेटोप्रोलॉल घेणाऱ्याची नाडी श्रमाच्या मानाने कमीच दिसते. चालताना सलग बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही जुनी कसोटी त्यापेक्षा भरवशाची आहे.

अकोटरोडवाला

लग्नाला अकोल्यालाच येणार आहात, म्हणून राहवले नाही. माझी बायपास होऊन सहा वर्षे झाली. माझे पंपिंग ३५ टक्के आहे, म्हणजे आपल्या वडिलांपेक्षा माझी परिस्थिती निराळी आहे, आणि मला सांगायचे आहे ते नेमके याच फरकाबद्दल.

शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारपाजारच्या सगळ्यांनी मला तुमच्या काकांसारखाच सल्ला दिला. मीही तो इमानाने पाळला आणि दिवसाला दोन-अडीच लिटर मीठ-साखरेचे पाणी पोटात जाऊ लागले. दहाव्या दिवशी चपलेचे पट्टे रुतू लागले, रात्री आडवे पडले की श्वास कोंडू लागला आणि वजनात साडेतीन किलोची भर पडली. ते पाणी मला लागले नव्हते, ते अंगात साठले होते. चार दिवस रुग्णालयात काढावे लागले. तेव्हापासून मी रोज सकाळी शौचास जाऊन आल्यावर वजन करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहितो, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढले की डॉक्टरांना कळवतो. दिवसभरात किती पाणी प्यायचे, तेही त्यांनीच मला मोजून दिले आहे. माझ्या शेजाऱ्याला तेच पाणी कदाचित मानवले असते. उष्माघाताच्या फलकावरचा सल्ला शेतात राबणाऱ्या धडधाकट माणसासाठी लिहिलेला असतो, त्यावर माझे नाव नसते, हे कळायला मला रुग्णालय गाठावे लागले.

आता लग्नाचे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जाणे ही बातमी नसते. पुण्याच्या माणसाचे शरीर अशा उन्हाला सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि आपला मुक्काम चारच दिवसांचा आहे. त्यामुळे त्या चार दिवसांत पर्वतीची उणीव भरून काढण्याचा हट्ट वडिलांनी धरू नये. पहाटे साडेपाचला अर्धा तास सपाट रस्त्यावर चालले तरी पुष्कळ झाले. मुहूर्त दुपारचा असेल, तर त्यांना मंडपात शेवटच्या घटकेला आणा आणि वरातीत चालायला लावू नका. डोक्याला ओला शेला बांधा. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर आमच्या कोरड्या हवेत उत्तम काम करतो. खिशात कांदा ठेवण्याचा आग्रह कुणी ना कुणी धरेलच. ठेवावा, मान राखला जातो, पण त्याच्या भरवशावर उन्हात उभे राहू नये.

रसवंतीप्रेमी

मीठ कमी करायचे असेल, तर साधे मीठ बंद करून सैंधव किंवा पादेलोण वापरावे. आमच्या घरी पन्हे आणि ताक यांत तेच असते आणि कुणालाच त्रास झालेला नाही.

आहारविचार

वरचा सल्ला सद्हेतूने दिलेला असला, तरी तो खोडणे आवश्यक आहे. सैंधव आणि पादेलोण ही दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. रंग आणि वास बदलला, म्हणून रक्तदाबाच्या दृष्टीने मीठ बदलत नाही. दुकानात मिळणारे 'कमी सोडियमचे' मीठ खरोखर वेगळे असते, परंतु त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम आधीच साठू शकते. म्हणून ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घरात आणू नये. शहाळ्याचेही तसेच : मूत्रपिंडे चांगली असताना अधूनमधून एखादे घ्यायला हरकत नसावी, पण रोज दोन-तीन शहाळी हे औषधासारखे घेणे योग्य नाही.

आहारतज्ज्ञ म्हणून मला हिशेबाशिवाय बोलवत नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे साधारण सपाट चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. त्यात साधारण २००० मिलिग्रॅम सोडियम असते. जुलाबात देतात त्या जलसंजीवनीच्या एका लिटरमध्ये सुमारे १७२५ मिलिग्रॅम सोडियम येते. म्हणजे जुलाब नसताना रोज लिटरभर जलसंजीवनी प्यायली, तर जेवणाला हात लावण्याआधीच दिवसाचा वाटा जवळजवळ संपला. सकाळच्या पाऊण तासाच्या चालण्यात घामावाटे जाणारे मीठ साध्या वरण-भात-भाजीतून भरून निघते, त्यासाठी काकांच्या तांब्याची गरज नाही. साधे पाणी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

उन्हाळ्यातले खरे मीठ वाळवणांत आणि बरणीत असते. लोणचे टिकते तेच मुळी मिठावर. पापडाविषयी लोक मीठ धरतात, पण पापडखार विसरतात, आणि तोही सोडियमचाच क्षार आहे. सांडगी मिरची भरताना मीठ मोजून घालणारी गृहिणी मी अजून पाहिलेली नाही. कुरडईत मीठ त्या मानाने बेताचे असते, पण ती तळल्यावर तेल पिते. बंदी घालून काही साधत नाही, कारण मग माणूस चोरून खातो. आठवड्यातून एकदा एक कुरडई आणि लोणच्याऐवजी ताज्या कैरीचा मीठ न घातलेला तक्कू, अशी तडजोड माझ्याकडे येणाऱ्यांना मानवली आहे.

हा ऋतू हृदयाचा शत्रू आहे असे मात्र समजू नका. काकडी, कलिंगड, खरबूज, ताडगोळे, जांभळे ही सगळी याच दिवसांतली. कैरी उकडून केलेले पन्हे गूळ निम्मा करून आणि मिठाऐवजी वेलची आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून छान लागते. लोणी काढलेले पातळ ताक कोथिंबीर आणि आले लावून घेतले, की मिठाची आठवण आठवडाभरात जाते. नाचणीची आंबील आणि ज्वारीची भाकरी पोटाला हलकी आणि तंतुमय असते. सोलकढीत नारळाचे दूध असल्याने ती रोज नको, त्यापेक्षा बिनसाखरेचा कोकमाचा आगळ पाण्यात घ्यावा. मात्र आगळ मिठात केलेला नाही, याची खात्री करून घ्या. आंब्याविषयी मला नेहमी विचारतात. मधुमेह नसताना जेवणातली एक पोळी कमी करून एक मध्यम आंबा चिरून खायला माझी हरकत नाही. घोटाळा आंब्याचा नसून आमरसावर सोडलेल्या तुपाचा, सोबतच्या डझनभर पुऱ्यांचा आणि त्यावर काढलेल्या झोपेचा असतो.

सहकारनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन दिवस मोजमाप केले. चालून आल्यावर बसून ११८/७४ आणि उभे राहून एका मिनिटाने ९६/६४, आणि थोड्याफार फरकाने रोज तेच. नोंदींचा कागद दूरध्वनीवरून वाचून दाखवल्यावर डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बोलावले, ईसीजी आणि रक्तातील सोडियम-पोटॅशियम तपासले आणि हायड्रोक्लोरोथायझाइड काढून नुसते टेल्मिसार्टन ठेवले. पंधरवडाभर रक्तदाबाची नोंद ठेवून मगच पर्वती, असे त्यांनी बजावले आहे.

बाबा आता सहाला सारसबागेच्या बाजूने सपाटीवर चालतात. वर्तमानपत्र परतल्यावर वाचायला मिळते, याबद्दल त्यांची नाराजी कायम आहे. काकांचा तांब्या बंद झाला, त्यांना मीच आकडे वाचून दाखवले. आईने कुरडयांचा डबा माळ्यावर ठेवला आहे आणि शिडी स्वतःच्या ताब्यात घेतली आहे.

नागपूरचा फिजिशियन

उत्तम. एक गोष्ट आत्ताच दिनदर्शिकेत लिहून ठेवा. पाऊस सुरू होऊन हवा गार झाली की रक्तवाहिन्या पुन्हा आकसतात, घाम कमी होतो आणि रक्तदाब वर सरकतो. काढलेले औषध तेव्हा परत लागू शकते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ पुन्हा आठ दिवस मोजा आणि तोही कागद डॉक्टरांकडे न्या. अकोल्याला जाताना रक्तदाबमापक सोबत घ्या. तिथे उन्हातून आल्यावर वडील असंबद्ध बोलू लागले किंवा गुंगीत गेले, तर मंडपात पाणी पाजत बसू नका. त्यांना सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.