लाइट वाढवण्याआधी प्रवाह बघा

खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं टॉर्च कोरल (लांब, मऊ तंतू असलेलं प्रवाळ) आक्रसलंय म्हणून लाइट वाढवू का, असं एकाने विचारलंय. कृपया आत्ताच वाढवू नका, आधी टाकीतल्या पाण्याचा प्रवाह तपासा. कोरलच्या पेशींतली शैवालं तीव्र प्रकाशात भरपूर ऑक्सिजन तयार करतात. पाणी हलत नसेल तर तो तिथेच कोंडतो आणि पेशींना इजा होते. त्यामुळे जास्त लाइटला जास्त प्रवाह लागतोच. पण पंपाचा झोत थेट अंगावर नको, टॉर्चचं मांस सांगाड्याच्या धारेवर घासून फाटतं. पंप काचेकडे वळवा. टेंटॅकल्स (कोरलचे मऊ तंतू) एकाच बाजूला आडवी न पडता सगळीकडे सावकाश डोलली पाहिजेत. पार मीटरवर (शैवालांना उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारं यंत्र) टॉर्चला साधारण ८० ते १५० पुरतात. आणि रंग फिकट पडत असेल तर लाइट उलट कमी करा.