मदत हवी आहे: आईची शुगर नेमकी कधी तपासायची?

चिकोडीवाला: आई ६३ वर्षांची, टाइप टू. मशीन आणून आठ दिवस झाले. सकाळी १७०-१८०, परवा दुपारी एकदम ७४. डॉक्टरांची वेळ सोमवारची आणि स्ट्रिपा संपत आल्यात. दिवसातून किती वेळा आणि कधी तपासायची, एवढंच सांगा. पथ्याचे सल्ले नकोत, ते घरात फुकट मिळतात.

निपाणीची वहिनी: गोळ्या कुठल्या? इन्सुलिन आहे का? सकाळी चहाच्या आधी बघता की नंतर?

काळी माती: रात्री मेथी भिजत घाला, सकाळी ते पाणी प्या. आमच्या मामांचं मशीन कपाटात पडून आहे.

निपाणीची वहिनी: आणि मामांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ती एचबीएवनसी?

काळी माती: कशाला? मामा रोज शेतात जातात की.

तिसरं गेट: दंडाला सेन्सर लावा, १४ दिवस मोबाइलवर बघा. टोचाटोची बंद.

काळी माती: त्या पैशांत किती स्ट्रिपा येतात ते बघा आधी.

चिकोडीवाला: मेटफॉर्मिन दोन वेळा, ग्लिमेपिराइड सकाळी. इन्सुलिन नाही. चहा ती घेतच नाही, बाबांना गुळाचा करून देते आणि मग बोट टोचते.

खानापूरकर: गूळ फोडून हात पदराला पुसत असतील ना? मग मशीन बोटावरचा गूळपण मोजतंय. माझे आंबा चिरल्यावर २४० आले होते, धुतल्यावर १३८. साबणानं हात धुवा, कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा. स्ट्रिपा पुरवायच्या तर आज उपाशीपोटी आणि नाष्ट्यानंतर, उद्या दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर, परवा रात्रीच्या. नंतरचे दोन तास पहिल्या घासापासून धरा, ताटावरून उठल्यापासून नव्हे. साधारण आधी ८० ते १३०, नंतर १८० च्या आत. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं. सोबत काय खाल्लं ते वहीत लिहा, नुसत्या आकड्यांना डॉक्टर काय करणार?

निपाणीची वहिनी: ते ७४ कुठल्या वारी आले?

चिकोडीवाला: मंगळवारी. मंगळवार-शुक्रवार यल्लम्माचा उपवास धरते. त्याचा काय संबंध?

निपाणीची वहिनी: अहो, तोच तर संबंध! ग्लिमेपिराइड पोटात अन्न नसलं तरी साखर उतरवते. उद्या शुक्रवार आहे, सोमवारची वाट बघू नका. आत्ताच फोन करून उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते विचारा. घाम, थरथर, डोकं हलकं वाटलं की वेळ न बघता तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

तिसरं गेट: सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला पौर्णिमेला गाडी करणार असाल तर सांगा, आम्ही चौघं आहोत.

काळी माती: ज्वारीच्या भाकरीनं शुगर वाढतच नाही, हे कुणीच सांगितलं नाही.

खानापूरकर: कारण वाढते. दोन भाकऱ्या खाऊन दोन तासांनी बघा.

चिकोडीवाला: फोन लागला. डॉक्टर म्हणाले, उद्या उपवास नको, गोळीचं सोमवारी ठरवू. आई म्हणते, गोळी सोडीन, वार नाही सोडणार. बाबा समजूत काढायलेत. आत्ता हात धुवायला लावून बघितलं, जेवणाआधी १३४.

तिसरं गेट: बरं झालं. गाडीचं काय मग?