‘हद्दपार’ नेमकं कोण करतं?

महालकर
एका साप्ताहिकासाठी अमेरिकेतल्या स्थलांतरितांवरचा लेख मराठीत आणतोय. प्रश्न असा आहे की बेकायदा राहणाऱ्यांना शोधणं हे तिथल्या केंद्र सरकारचं काम, मग त्यात शहरातल्या पोलिसांनी पडावं का? ‘डिपोर्ट’ला मी सरळ ‘हद्दपार’ लिहिलं. घरी वाचून दाखवलं, तर पोलीस खात्यातून निवृत्त झालेले काका म्हणाले, "हद्दपार तर आमचे डीसीपी साहेब करत. दिल्लीचा काय संबंध?" तिथेच अडलो.

दुसरी अडचण ‘घुसखोर’. काकू रोज हिंदी पेपर वाचतात. त्यांना वाटलं, लेख लाच खाणाऱ्यांवर आहे! हिंदीत घूसखोर म्हणजे लाचखोर, आणि आपण म्हणतो तो घुसखोर तिकडे ‘घुसपैठिया’. नागपुरात दोन्ही भाषा एकाच टेबलावर असतात, त्यामुळे हा घोळ नेहमीचा. काय लिहावं?

ठाणे अंमलदार (निवृत्त)
भाऊ, काकांचं बरोबर आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ५५ ते ५७. ठाण्यातून प्रस्ताव जाते, माणसाला नोटीस देतात, त्याचं म्हणणं ऐकून घेतात, मग आदेश निघते. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. तो माणूस जिल्ह्याबाहेर जाते, पण राहते भारतातच. मुदत संपली का घरी. कागदावर ‘हद्दपार’, बोलताना आम्ही ‘तडीपार’च म्हणत होतो.

परदेशी माणसाचं काम वेगळं. हॉटेलात उतरला तर हॉटेलवाला २४ तासांत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्मात भरते. कागद तपासणं, नोंद ठेवणं, वर कळवणं, हे पोलीस करतात. पण देशाबाहेर काढायचा अधिकार मुळात केंद्राचा. लोकं दोन्हीला हद्दपारच म्हणून राहिले, अन् मग वाटते का कोणाला देशातून काढायचं ते पीआय ठरवते.

शब्दवेडी
‘तडीपार’मधली तड म्हणजे नदीचा काठ. काम ‘तडीस नेतो’ तीच ही तड. माणसाला काठापलीकडे सोडायचं, एवढाच अर्थ. ‘हद्द’ अरबीतून आला आणि ठाण्याच्या हद्दीपासून राज्याच्या हद्दीपर्यंत कुठेही बसतो. म्हणून गोंधळ होतो.

‘घुसखोर’ मला जास्त खटकतो. ‘खोर’ हा फारसी प्रत्यय, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, हरामखोर. पुढे मराठीत तो स्वभाव सांगू लागला: भांडखोर, चिडखोर. म्हणजे घुसखोर म्हटलं की घुसणं ही त्या माणसाची वृत्तीच ठरते. रीतसर व्हिसा घेऊन विमानतळावरून आलेला आणि मुदत संपल्यावर राहिलेला माणूस घुसला कुठे? तो दारातूनच आला. त्याने नियम मोडला, तर तसं लिहा.

आणि ‘निर्वासित’ जपून वापरा. हिंदीत निर्वासन म्हणजे देशाबाहेर घालवणं. आपण ज्याला आसरा देतो त्याला निर्वासित म्हणतो, पण शब्दाचा अर्थ ‘घालवून दिलेला’ असाच आहे.

जरीपटक्याचा
शब्दवेडी, हे आमच्या घरात अनुभवलंय. आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आले. कोणी निर्वासित म्हटलं की ते जेवणाच्या ताटावरूनही बोलायला उठायचे: "मला कोणी घालवलं नाही, मी माझ्या पायांनी आलो." आजही आमच्या भागात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी कुटुंबं आहेत. हातात पाकिस्तानचा पासपोर्ट, दुकान इथे, मुलं इथल्या शाळेत. कायद्याने ती ‘परदेशी’. घुसखोर नाहीत आणि निर्वासितही नाहीत, कारण निर्वासितांसाठी भारतात वेगळा कायदाच नाही. बातमीत मात्र कधी हा शब्द, कधी तो.

महालकर
सगळ्यांचे आभार. खरा पेच आता दिसला. ‘हद्दपार’ लिहिलं की लेखातला वादच पुसला जातो, कारण वाद अधिकार कोणाचा यावरच आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये स्थलांतर कायद्यात कलम २८७(जी) आलं. त्यानुसार स्थानिक पोलीस केंद्राशी करार करून, प्रशिक्षण घेऊन हे काम करू शकतात. पण करार ऐच्छिक. केंद्राने स्थानिक पोलिसांना आपल्या कामाला जुंपू नये, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बंदुकांच्या एका खटल्यात सांगितलं. उलट बाजूने, ॲरिझोना राज्याने स्वतःच कडक कायदा केला, त्यातल्या वादात असलेल्या चारपैकी तीन कलमं त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली. अडवलेल्या किंवा अटक केलेल्या माणसाचे कागद संशय आल्यास तपासायचं कलम तेवढं राहिलं.

आपल्याकडे पोलीस राज्यसूचीत, परदेशी नागरिक आणि देशाबाहेर काढणं केंद्रसूचीत. तरी पडताळणीला दारात येतो तो ठाण्याचाच शिपाई. त्यात ‘मी परदेशी नाही’ हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावर. १९४६ च्या कायद्यात ते होतं, २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे.

माझं मत लपवत नाही. इतवारीत आमच्या ओळखीचा एक सोनारकाम करणारा कारागीर आहे, पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा. गेल्या वर्षी त्याचा मोबाइल चोरीला गेला. मी म्हटलं, चल ठाण्यात, मी येतो सोबत. त्याने पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधारकार्ड, मतदार ओळखपत्र, वडिलांच्या जमिनीचा कागद, सगळं बाहेर काढलं. मग पुन्हा एकेक घडी घालून आत ठेवलं. म्हणाला, "दादा, मोबाइल जाऊ द्या. बांगला बोलतो ना मी." तक्रार दिलीच नाही. चोर सुटला, तो आपल्याच मोहल्ल्यात फिरतोय. ठाण्याने ओळख जरूर तपासावी, पण परदेशी कोण हे तिथल्या टेबलावर ठरू लागलं तर असे लोक चोरीचीही तक्रार देणार नाहीत.

‘हद्दपार’ सगळीकडून काढला, ‘देशाबाहेर काढणं’ असं साधं क्रियापद ठेवलं. ‘परत पाठवणी’ही लिहून पाहिलं, पण पाठवणी म्हटलं की लेकीचीच आठवते. ‘घुसखोर’ दोन जागी होता, दोन्हीकडे ‘बेकायदा राहणारा’ केलं.

एक शब्द उरलाय. ज्या शहरांचे पोलीस या कामात केंद्राला साथ देत नाहीत, त्यांना तिथे ‘सँक्चुअरी सिटी’ म्हणतात. एका भाषांतरात ‘अभयारण्य शहर’ दिसलं. आपल्याला अभयारण्य म्हणजे उमरेड-कऱ्हांडला. शिवाय तिथेही केंद्राचे अधिकारी अटक करू शकतात, म्हणजे पूर्ण अभय नाहीच. ‘आश्रयनगर’ म्हणावं तर वसाहतीचं नाव वाटतं. कोणाला सुचतंय? मजकूर शुक्रवारी द्यायचा आहे.

ठाणे अंमलदार (निवृत्त)
‘बिगरसहकार शहर’? कानाला जड आहे, पण काम तेवढंच सांगते.