जवळजवळ परफेक्ट खिशातला चाकू, पण एकच गोष्ट खटकते... तुमच्याकडे काय?

कानस

नमस्कार मंडळी, गेली तीन वर्षं एकच घडीचा चाकू खिशात आहे आणि माझा त्याच्यावर खूप जीव आहे म्हणूनच विचारतोय. पातं साधारण ८ सेंमी, पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरत गेलेलं, आणि धारेच्या लगेच वर इतकं पातळ की पुठ्ठा कापताना फाटल्याचा खर्र आवाज येत नाही, सुळकन जातं. वजन १०० ग्रॅमच्या आत. एका हातानं उघडतो, एका हातानं मिटतो, मिटल्यावर पातं बरोब्बर मधोमध बसतं, उघडल्यावर पकडून हलवून बघितलं तरी जरासुद्धा डुगडुगत नाही. म्हणजे बनवणाऱ्यानं सगळा अभ्यास केलेला आहे हे हातात घेतल्या घेतल्या कळतं.

आणि मग दोन गोष्टी अशा केल्यात की कळतच नाही का केल्या. पहिली म्हणजे धार जिथे मुठीपाशी संपते तिथे खाचच दिलेली नाही. त्यामुळे दगडावर धार लावताना बुडाचा तो २-३ मिमी जाड भाग दगडाला टेकतो आणि त्याच्या शेजारची धार लागतच नाही. पहिलं वर्ष काही जाणवलं नाही, आता मात्र उजेडासमोर धरला की बुडाशी एक छोटा उंचवटा आणि त्याच्यापुढे धार किंचित आत गेलेली दिसते, आणि दोरी नेमकी तिथेच अडकते.

दुसरी गोष्ट क्लिप. खिशात छान धरते, पण तिचं वर वळलेलं टोक बरोब्बर अनामिकेच्या बुडाशी येतं. दहा मिनिटं लाकूड तासलं की तिथे लाल वळ.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाईल. मला विचारायचंय ते असं की अशा चाकूला कानस लावायची हिंमत करावी का, की आहे तसा वापरावा? आणि तुमच्याकडेही असा ९५ टक्के जमलेला चाकू असेल तर त्याचे उरलेले ५ टक्के कुठे राहिले तेही सांगा.

जुनीधार

करा, नक्की करा, पण घाईनं नको. बुडाशी खाच नसणं ही माझ्या मते घडीच्या चाकूतली सगळ्यात चीड आणणारी चूक आहे कारण नवीन असताना ती दिसतच नाही. कारखान्यातून येते ती धार फिरत्या घासपट्ट्यावर लावलेली असते, पट्टा बुडापर्यंत पोचतो, तुमचा सपाट दगड पोचत नाही. मग दर वेळी धार लावली की पुढचा भाग झिजतो, बुड तसंच राहतं, आणि चार-पाच वर्षांत धारेला खळगा पडतो, म्हणजे धार सपाट पृष्ठभागावर ठेवली की मधे फट दिसते. तुमच्याकडे त्याची सुरुवात झालीये, आत्ता थांबवता येईल.

कसं करायचं ते सांगतो, मी तीन चाकूंना केलंय. साधी कानस चालणार नाही हे आधी लक्षात घ्या, कडक पोलादावर ती नुसती घसरते आणि तिचेच दात जातात. हिऱ्याची भुकटी बसवलेली बारीक गोल कानस घ्या, सुईसारखी, ३ मिमीच्या आसपास. आधी पात्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळा, फक्त बुडाजवळचा भाग उघडा ठेवा, धार तर झाकलेली हवीच, नाहीतर पहिल्या घसरीला बोट जाईल. मार्कर पेननं खाच कुठे हवी तिथे रेघ मारा. मग पुढे ढकलताना दाब, मागे येताना दाब सोडायचा, मधून मधून पाण्यात बुडवायचं. अर्धा तास लागतो. खाच धारेच्या रेषेच्या जेमतेम वर जाईल एवढीच ठेवा, जास्त खोल नेलीत तर दोरी आता धारेऐवजी खाचेत अडकेल, म्हणजे एक दुखणं काढून दुसरं लावून घेतल्यासारखं.

आणि हात जोडून सांगतो, ग्राइंडर लावू नका. पातळ धार क्षणात तापते, निळसर झाक आली म्हणजे तिथलं पाणी उतरलं, मग कितीही घासा तो तुकडा धार धरणार नाही. हातानं घासताना ती भीती नाही.

क्लिपचं सोपं आहे. बऱ्याच चाकूंना टी६ किंवा टी८ टॉर्क्स (डोक्यात चांदणीसारखी खाच असलेला) स्क्रू असतो. फिरला नाही तर जबरदस्ती करू नका, आतमध्ये स्क्रू धरून ठेवणारा गोंद असतो, सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्धा मिनिट टेकवा, गोंद मऊ पडतो. एवढे बारीक स्क्रू डोक्यातच गोल झाले की मग काढणं फार जिकिरीचं होतं. क्लिप काढून तिचं टोक सॅंडपेपरवर गोल करा, किंवा जाड फडक्यात धरून पक्कडीनं हलकेच सपाट करा. आणि खिशात सुटा ठेवायला चालत असेल तर क्लिप काढूनच टाका, मूठ एकदम वेगळी लागते हाताला.

लाकूडवेडी

माझे उरलेले ५ टक्के पाण्यात आहेत 🙂 ओपिनेल नंबर ८ वापरते, बीचच्या लाकडाची मूठ, साडेआठ सेंमीचं पातं, आणि इतकं पातळ की पेन्सिलीचे पापुद्रे पारदर्शक निघतात. १८९० मध्ये फ्रान्सच्या साव्वा भागात सुरू झालेला चाकू, १८९७ पासून १ ते १२ नंबरमध्ये, आणि मूळ कल्पना अजून तशीच, लाकडाच्या दांड्यात एक चीर आणि त्यात पातं. त्या चिरेतच सगळी ग्यानबाची मेख आहे. लाकूड ओलं झालं की फुगतं, चीर आवळते आणि पातं नखानं उघडत नाही.

पण ह्याला मी खोट म्हणणार नाही. ज्या लाकडामुळे तो हातात ऊबदार लागतो, तासून हवी तशी मूठ करता येते, तेच लाकूड पावसात फुगणार, एक हवं असेल तर दुसरं घ्यावंच लागेल. जुने लोक मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचे, पात्याचं टोक आपोआप बाहेर येतं, मग चिमटीत धरून ओढायचं (मुठीवरची लॉकची अंगठी सोडवून ठोका, नाहीतर काही होणार नाही). मी जवसाचं तेल चिरेत सोडते, उभा करून ठेवते, दोन दिवसांनी पुसते, असं दोन-तीनदा. आणि आतल्या भिंतींवरून घडी केलेला सॅंडपेपर दोनदा फिरवला. तेवढ्यावर भागलं. फक्त जास्त घासू नका, चीर मोठी झाली तर कोरड्या हवेत पातं इकडेतिकडे हलायला लागतं.

लॉकची ती फिरणारी अंगठी १९५५ मध्ये आली, त्याआधी हा चाकू नुसत्या घर्षणावर उघडा राहायचा हे वाचून मला फार नवल वाटलं होतं.

कानसदादा तुम्ही जे दोन मुद्दे लिहिलेत ते मात्र वेगळ्या जातीचे आहेत असं मला वाटतं. खाच नाही म्हणून चाकू दुसऱ्या कशात चांगला झालाय असं काही नाही ना, ती नुसती राहून गेलीये. ती काढाच.

डावखुरा८४

तुमच्या सगळ्यांच्या ९५ टक्क्यांतले १० टक्के माझ्याकडे आधीच वजा होतात, आणि हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितोय. साध्या स्प्रिंगच्या चाकूला नखाची खाच एकाच बाजूला असते, डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्यानं ओढायला. मला चाकू उलटा धरावा लागतो. लायनर लॉक आणि फ्रेम लॉक तर बघायलाच नको, त्यात उघडं पातं अडवणारी मुठीतली पट्टी उजव्या अंगठ्यानं बाजूला ढकलायची असते, डाव्या हातात ती तर्जनीनं सरकवावी लागते आणि त्या वेळी अंगठा कुठे ठेवायचा हा प्रश्न राहतोच, पात्याच्या वाटेत आला तर कापतं, एकदा कापलंय, दोन टाके पडले. क्लिप उजव्याच बाजूला आणि दुसऱ्या बाजूला स्क्रूची भोकंच नाहीत असे चाकू तर ढिगानं.

म्हणून मी दोनच गोष्टी बघतो. पात्याला आरपार गोल भोक, स्पायडर्को कंपनीनं १९८१ च्या वर्कर चाकूपासून आणलेलं, ते दोन्ही हातांना सारखंच. आणि लॉक असं हवं की दोन्ही बाजूंनी ओढता येईल, म्हणजे मुठीत आडवा दांडा असलेलं किंवा पाठीवर दाबायचं बॅकलॉक. बक ११० पण ह्याच बॅकलॉकचा, १९६४ पासून आहे, लॉक कसं म्हणाल तर तिजोरी. पण जवळजवळ २०० ग्रॅम वजन, खिसा ओढला जातो, आणि उघडायला दोन हात. पट्ट्याच्या म्यानासाठीच बनवला होता तो, त्याला खिशात घालून जड म्हणणं बरोबर नाही हे मान्य.

पक्कड

आडव्या दांड्याच्या लॉकबद्दल एक भर घालतो. ते मलाही सगळ्यात आवडतं, बोटं पात्याच्या वाटेत येतच नाहीत. पण तो दांडा पुढे ढकलून धरणाऱ्या दोन स्प्रिंगा केसासारख्या बारीक तारेच्या असतात, दोन्ही बाजूंना एकेक. माझ्या एका चाकूत (कोणाचा ते सोडा) एक तुटली. चाकू चालत राहिला, म्हणून मला दोन आठवडे कळलंच नाही, फक्त दांडा एका बाजूला जरा तिरका, मऊ लागायचा. उघडून बघितलं तर ओमेगा अक्षरासारख्या त्या तारेचा एक पाय गळून पडलेला. तेव्हापासून महिन्यातून एकदा दांडा दोन्ही टोकांनी वेगवेगळा दाबून बघतो, दोन्हीकडे सारखा जोर लागला पाहिजे. तुमच्याकडे असं लॉक असेल तर आत्ता उठून बघा.

शामली

कुणीच स्विस चाकूचं नाव काढलं नाही?? माझा जीव ९१ मिमीवाल्या विक्टोरिनॉक्समध्ये अडकलाय. ह्याच्या मागची अक्कल मला फार उशिरा कळली, कार्ल एल्सेनर यांनी १८९७ मध्ये जो ऑफिसर चाकू नोंदवला त्यात एकाच पाठीच्या स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारं बसवली, पुढची पण आणि मागची पण, म्हणून एवढ्या जाडीत एवढं मावतं.

माझं दुखणं म्हणजे मागचा कॉर्कस्क्रू. वर्षानुवर्षं एकदाही लागला नाही. मग ह्याच कंपनीचा टिंकर बघितला, त्यात त्या जागी चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर, तो रोज लागतो. पण त्यात कात्री नाही! कात्री हवी म्हणून क्लाइंबर घ्यावा तर कॉर्कस्क्रू परत आला. दोन्ही हवं तर सुपर टिंकर, जाडी क्लाइंबरएवढीच, पण त्यासाठी अजून एक चाकू घ्यायचा. फिरून फिरून तिथेच. शेवटी क्लाइंबरच ठेवला आणि कॉर्कस्क्रूच्या वेटोळ्यात तो चष्म्याचा इवलासा स्क्रूड्रायव्हर फिरवून बसवला, तेव्हापासून ती जागा फुकट गेली असं वाटत नाही. चष्मा मी लावतेच.

पोलादाबद्दल पण बोलायचंय. त्याला मऊ मऊ म्हणून नावं ठेवतात, ५६ एचआरसीच्या (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप, आकडा मोठा तितकं कडक) आसपास कडकपणा. हो, धार लवकर जाते. पण कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पाच-सहा वेळा ओढली की परत येते, गंजत नाही, आणि दगडावर आपटलं तर टोक वाकतं, तुटत नाही. माझ्या भावाकडे ६१-६२ चा कडक चाकू आहे, त्याची धार महिनोन्महिने टिकते हे खरं, पण एकदा बोथट झाला की तो मला आणून देतो, आणि मी अख्खी दुपार हिऱ्याच्या दगडावर घालवते.

जुनीधार

शामलीताई, कपाची कड हे अगदी बरोबर सांगितलंत, फक्त ग्लेझ नसलेली कड हवी हे नवीन लोकांनी लक्षात ठेवा.

डावखुरा८४, टाके पडल्याचं वाचून वाईट वाटलं. हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. घरातले सगळे लायनर लॉक आत्ता डाव्या हातात घेऊन बघितले, एकही नीट मिटता आला नाही.

कानस

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसलो. चिकटपट्टी, मार्कर, हिऱ्याची कानस, सगळं जुनीधार म्हणाले तसं. पहिली दहा मिनिटं हात थरथरत होता, रेघेवरून कानस दोनदा सरकली आणि पात्याच्या बाजूला एक ओरखडा राहिला, तो आता राहणारच. खाच झाली, अर्धगोल, साधारण दीड मिमी. मग पात्याला मार्करची शाई फासून दगडावर चार हात मारले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा शाई बुडापर्यंत सलग पुसली गेली. आत गेलेला भाग अजून आहे, पण तो आता दर धारेला थोडा थोडा भरून निघेल असं दिसतंय, एकदम सगळं पोलाद घासून काढायला मन होईना.

क्लिपचे स्क्रू मात्र तापवल्यावर सहज आले. टोक गोल करून परत लावली, आज लाकूड तासलं, वळ नाही.

पक्कड, माझं लॉक तुम्ही म्हणता तसंच आडव्या दांड्याचं आहे. दाबून बघितलं. डावी बाजू किंचित मऊ लागतेय, की मला भास होतोय ते कळत नाही. स्प्रिंग बदलायची झाली तर पूर्ण खोलावा लागतो का, की एकच बाजू उघडून जमतं?

पक्कड

एकच बाजू उघडा, मऊ लागतेय ती. खाली पांढरा टॉवेल पसरा, आणि बाजूची पट्टी उचलताना वर अंगठा धरून ठेवा, ती तार उडाली तर सापडत नाही. उघडल्या उघडल्या आधी फोटो काढून घ्या, वेटोळं कुठल्या बाजूला तोंड करून बसलंय ते नंतर आठवत नाही.