अनुभव धागा: स्केटबोर्डवर पहिल्यांदा उभे राहिलात तेव्हा

लेकीसाठी आणलेला बोर्ड कपाटामागे पडून होता. गेल्या वर्षी, ४४ व्या वर्षी, मीच तो बाहेर काढला. मोठ्या वयात शिकणाऱ्यांनी मराठीत लिहिलेलं वाचायला मिळावं असं फार वाटत होतं, म्हणून हा धागा. कुठे शिकलात, काय चुकलं, काय केल्यावर जमलं, सगळं लिहा. अजून शिकत असाल तरीही लिहा.

माझ्यापासून सुरुवात. पहिले काही दिवस मी नुसती चटईवर बोर्ड ठेवून उभी राहायचे, म्हणजे चाकं पळत नाहीत. गुडघे किंचित वाकवायचे, नजर समोर. पायाकडे पाहिलं की तोल गेलाच! मग पार्किंगमधल्या कोब्यावर आले. तीन आठवडे डावा पाय पुढे ठेवून झगडत होते. एकदा लेकीने पाठीमागून हलकेच ढकललं, तर सावरायला माझा उजवा पाय पुढे पडला. "आई, तू गूफी आहेस," ती म्हणाली. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांना गूफी म्हणतात, डावा ठेवणाऱ्यांना रेग्युलर. पाय बदलले आणि त्याच संध्याकाळी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गेले.

*

नाशिक, वय ३६. मी पडण्याबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं.

चौथाच दिवस होता. वेग अगदी चालण्याइतका. चाकाखाली खडीचा एक दाणा आला, हरभऱ्याएवढा. बोर्ड जागच्या जागी थांबला, मी पुढे गेले आणि हात टेकला. मनगटाजवळ रेडियसचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत सासूबाईंनी माझी वेणी घातली, पण 'आता पुरे' असं एकदाही म्हणाल्या नाहीत, हे मी विसरणार नाही.

प्लास्टर निघाल्यावर आधी फिजिओथेरपी केली, हात पूर्ण फिरायला लागल्यावर हिरवळीवर पडायला शिकले. खरंच, नुसतं पडायला! हात ताठ करून जमीन अडवायची नाही. खाली बसत जायचं, कोपर दुमडायचं, खांद्यावरून लोळायचं. रोज वीस वेळा. आता मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट घातल्याशिवाय मी बोर्डवर पाय ठेवत नाही, आणि सुरू करण्याआधी झाडू घेऊन जागा स्वच्छ झाडते. वॉचमनकाका आता स्वतःच झाडून ठेवतात.

*

वर खडीबद्दल वाचलं म्हणून लिहितो. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या बर्लिनमध्ये. इथे टेम्पेलहोफचा जुना विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून ते मैदान लोकांसाठी खुलं आहे. त्या धावपट्टीवर मी शिकलो. गाडी नाही, वळण नाही, पाय मारत राहा.

सुट्टीत गावी बोर्ड घेऊन आलो, तर घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर दात वाजायला लागले. कारण चाकं. माझी ९९ए ची होती, म्हणजे कडक, गुळगुळीत काँक्रीटसाठी ठीक. आपल्या रस्त्यांना ७८ए च्या आसपासची मऊ, जरा मोठी चाकं लावा. बारीक खडी ती पोटात घेतात. आणि खेळण्यांच्या दुकानातला प्लॅस्टिकच्या चाकांचा बोर्ड घेऊ नका. चाकाला टिचकी मारून बघा, लगेच थांबलं तर परत ठेवा.

*

नेरुळ, वय १९. स्केटपार्कमध्ये उतारावरून पहिल्यांदा सुटताना (त्याला ड्रॉप-इन म्हणतात) मी तासभर काठावर उभा होतो. मन अर्धवट असेल तर वजन मागे राहतं, बोर्ड पुढे निघून जातो. एका दहा वर्षांच्या पोराने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "दादा, पुढचा पाय दाब, बाकी काही करू नको." दाबला, आणि उतरलो.

*

नागपूर, शिक्षिका. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं गाव आहे. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये तिथे स्केटपार्क उभा केला. नियम दोन: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. मी मुद्दाम बघायला गेले. मुलं अनवाणी, आणि तोल असा की बघत राहावं! एका मुलीने मला बोर्डवर उभं केलं आणि माझा हात धरून शेजारून चालत राहिली. परत आल्यावर वर्गातल्या मुलींसाठी दोन बोर्ड घेतले. मधल्या सुट्टीत पहिला नंबर मुलींचा असतो.

*

लेक नऊ वर्षांची असताना, २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदाच आलं. १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्ण जिंकलं आणि आमच्या घरी हट्ट सुरू झाला. आज लेक माझ्यापेक्षा छान चालवते. मी तिच्याकडून शिकतो, हे मला फार आवडतं.

*

वय ५८, कोल्हापूर. बायको एका बाजूने धरते तेव्हाच मी अजून उभा राहतो. बोर्ड फार डुलतो. काय करू?

*

काका, बोर्डखाली पुढे आणि मागे जे धातूचे दांडे असतात, ते ट्रक. दोन्ही ट्रकच्या मधला मोठा नट अर्धा फेरा आवळा, डुलणं कमी होईल. काकूंना हात सोडायची घाई करू देऊ नका. आणि आवळून झालं की इथे नक्की कळवा.