अनुभव धागा: नव्या देशात पहिलंच काम काँट्रॅक्टवर घ्यावं का? (कॅनडा, ऑन्टॅरिओ)

मृद्गंध: भाच्याचा फोन आला. पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेऊन टोरांटोत उतरलाय, तासाला ६० डॉलरचं काँट्रॅक्ट समोर आहे, "मावशी, घेऊ का?" माझ्या वेळचा सगळा हिशोब पुन्हा आठवला, म्हणून धागा काढतेय. ६० गुणिले २०८० तास असं अजिबात धरू नका. ९ सार्वजनिक सुट्ट्या, रजा, आजारपण, दोन कामांमधली गॅप वजा करून २२५ दिवस पकडा. रोज साडेसात तास, म्हणजे १,०१,२५० डॉलर. पगारी नोकरीशी तुलना या आकड्याची करा. तुमचे हिशोब लिहा.

टोरांटोकर: पहिला प्रश्न, टी-४ वर (म्हणजे पगारी कर्मचारी म्हणून) की इन्कॉर्पोरेटेड (स्वतःची कंपनी काढून)? टी-४ असेल तर सीपीपीचा (सरकारी पेन्शनचा) अर्धा वाटा काम मिळवून देणारी एजन्सी भरते, ईआय (बेकारी विमा) कापला जातो, रजेचे किमान ४ टक्के मिळतात. ते ४ टक्के ६० च्या आत आहेत की वर, लेखी घ्या. आत असतील तर खरा रेट ५७.६९.

अंकगणित: स्वतःच्या नावावर धंदा दाखवला तर सीपीपीचे दोन्ही वाटे आपलेच, मर्यादेपर्यंत ११.९ टक्के. काम सुटलं तर ईआयचा बेकारभत्ताही नाही.
कंपनी काढायची घाई तर नकोच. एकच क्लायंट, लॅपटॉप त्यांचा, वेळा त्यांच्या, कामावर देखरेख त्यांची असेल तर सीआरए (कर खातं) तिला पर्सनल सर्व्हिसेस बिझनेस, म्हणजे कंपनीच्या नावाखाली नोकरीच, ठरवू शकते. मग छोट्या धंद्याचा कमी करदर जातो, ऑन्टॅरिओत ४४.५ टक्के कर बसतो आणि बहुतेक खर्चांची वजावट मिळत नाही. मागच्या वर्षांचंही उकरतात, व्याजासकट. एजन्सी "इन्कॉर्पोरेट करा, रेट ५ डॉलर वाढवतो" म्हणते त्यामागे हेच असतं, जोखीम तुमच्या अंगावर येते.

कोकणकडा: +१. आणि एचएसटी (आपल्या जीएसटीसारखा विक्रीकर)! लागोपाठ चार तिमाहींत ३०,००० च्या वर बिलं गेली की नोंदणी सक्तीची. ६० च्या रेटला तीन-साडेतीन महिन्यांत होतं. बिलावर लावलेले १३ टक्के वेगळ्या खात्यात टाका, तो पैसा आपला नव्हेच.

साधना_ओ: कामाचं पर्मिट वाचा आधी. मालकाचं नाव छापलेलं असेल तर दुसऱ्या कुणाचं काम घेता येत नाही. पीआर किंवा ओपन पर्मिटला (ज्यावर मालकाचं नाव नसतं) ही अडचण नाही.

मृद्गंध: पीआर आहे गं. ओहिपचं (ऑन्टॅरिओच्या सरकारी आरोग्य विम्याचं) काय?

साधना_ओ: लगेच अर्ज करू दे. तीन महिने थांबायची अट मार्च २०२० मध्ये गेली. पण दात, चष्मा, रोजची औषधं त्यात येत नाहीत, काँट्रॅक्टमध्ये तर नाहीच नाही.

निंबोणी: चष्म्याच्या दोन जोड्या तिकडूनच आणायच्या. नंबरचा कागदही.

टोरांटोकर: दातांचं काम पण उरकूनच निघावं.

अंकगणित: पैसे हातात कधी येतात ते कुणी लिहिलं नाही. महिनाअखेरीला बिल, त्यावर नेट ३०, म्हणजे पैसे द्यायला ३० दिवसांची मुदत. थोडक्यात, १ तारखेच्या कामाचे पैसे दोन महिन्यांनी. तीन महिन्यांचं भाडं गाठीशी नसेल तर टी-४ वरच घ्या, तिथे बहुतेक दर दोन आठवड्यांनी पगार होतो.
स्वतःचा धंदा असेल तर पहिल्या वर्षी कराचे हप्ते मागत नाहीत, त्यामुळे सगळी रक्कम एकदम येते. स्वयंरोजगाराचं रिटर्न १५ जूनपर्यंत चालतं, पण कर ३० एप्रिललाच भरायचा, नाहीतर व्याज. प्रत्येक बिलातले ३० टक्के काढून ठेवा.

निंबोणी: घर घ्यायचं असेल तर? बँका स्वयंरोजगारवाल्यांकडे सहसा दोन वर्षांच्या एनओए (रिटर्न तपासून कर खात्याने दिलेली नोटीस) मागतात.

कोकणकडा: काँट्रॅक्ट संपवायच्या नोटीसचं कलम बघा. दोघांना सारखेच दिवस हवेत. तुम्हाला चार आठवडे आणि त्यांना शून्य असं असेल तर बदलून मागा, बदलतात.

साधना_ओ: एजन्सीचा टी-४ वाला असशील तर क्लायंटने कायम घेण्यावर एजन्सी बंदी घालू शकत नाही. क्लायंटकडून फी घेता येते, तीही काम सुरू झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांतच. तुमच्याकडून कसलीच फी नाही, मागितली तर सरळ उठून या.

मृद्गंध: आत्ताच भाच्याला विचारलं. रेट "ऑल इन्क्लुसिव" (सगळं त्यातच धरून) आहे आणि इन्कॉर्पोरेट कर म्हणतायत. टी-४ वर ५५ ला तयार आहेत का, ते उद्या विचारतोय.

टोरांटोकर: ५५ वर ४ टक्के वेगळे मागू दे.